बिब्बा कुणाला उततो?

मुरबाडच्या बाजारपेठेत शनिवारी सकाळी दुकानांच्या चौकटींना नवी माळ लागते. एक लिंबू, पाच-सात हिरव्या मिरच्या आणि तारेच्या टोकाला एक काळा, चपटा बिब्बा. आदल्या आठवड्याची माळ रस्त्यावर पडलेली असते. लिंबू चेपलेलं, मिरच्या सुकलेल्या, बिब्बा मात्र जसाच्या तसा. रिक्षाचं चाक वरून गेलं तरच त्याचं कवच फुटतं आणि डांबरासारखा रस डांबरावर सांडतो. माळशेजचा पाऊस बघायला निघालेली मंडळी इथे चहाला थांबतात आणि दृष्ट लागू नये म्हणून माळ ओलांडून जातात. माझी आजीही ओलांडायला लावायची, पण तिचं कारण वेगळं होतं. "पायाला लागला तर उतंल."

उतणे. दूध उतू जातं तसं अंग उततं. आत काहीतरी तापतं, फुगतं, कडेवरून बाहेर येतं. बिब्बा भाजतो असं आमच्याकडे कुणी म्हणत नाही, चावतो असंही नाही. भाजणं, चावणं हे बाहेरच्याचं काम. उतणं हे आपल्याच अंगाचं. ज्यांनी हा शब्द बिब्ब्याला जोडला त्यांना रेणू, पेशी काही ठाऊक नव्हतं, पण दोष नेमका कुठे आहे हे त्यांनी बरोबर हेरलं होतं.

लहानपणीची गोष्ट. भाताचं रान तुडवताना पायात काटा मोडला, की आजी दाभणाच्या टोकाला बिब्बा टोचायची, चिमणीच्या ज्योतीवर धरायची आणि त्यातून सुटलेला तेलाचा थेंब टाचेवर टेकवायची. चर्रर्र आवाज, कळ, मग काळा डाग. काटा पिकत नाही म्हणायचे. एका सुट्टीत माझ्या आणि माझ्या आतेभावाच्या पायात एकाच कुंपणाची बोराटी मोडली. आजीने एकाच बिब्ब्याने दोघांना चटका दिला. माझ्या टाचेवर डाग राहिला आणि आठवडाभरात सोलून गेला. त्याचा पाय तिसऱ्या दिवशी घोट्यापर्यंत सुजला, पाण्याने भरलेले फोड आले, खाजवून खाजवून तो रडकुंडीला आला. आजी म्हणाली, "त्याच्या अंगाला मानवत नाही." मी विचारलं, मग मला कसा मानवला? त्याला उत्तर नव्हतं. आत्याने जाता जाता सांगितलं की मागच्या हिवाळ्यात पोरगा दिवसभर बसून गोडंबीसाठी बिब्बे फोडत होता, तेव्हा तर काहीच झालं नव्हतं. हे वाक्य कुणी मनावर घेतलं नाही. खरं उत्तर त्या वाक्यात होतं, हे मला फार उशिरा कळलं.

बिब्ब्याचं झाड शहापूर आणि मुरबाडच्या पानगळीच्या रानात साग-ऐनाच्या सोबतीने उभं असतं. थंडीत फळ पिकतं. वर काळी बी, खाली नारिंगी, मांसल देठ. ते देठ वाळवलं की बिब्ब्याचं फूल म्हणून खातात, बीच्या आतला गर म्हणजे गोडंबी, थंडीच्या लाडवांतली महागाची चीज. या दोहोंच्या मधे, कवचाच्या पोकळ्यांत, तो रस. खाण्याजोगं फूल आणि खाण्याजोगा गर यांच्या मधोमध निसर्गाने असा पहारा ठेवला आहे. कातकरी, ठाकूर, महादेव कोळी या इथल्या समाजांना तो पहारा चुकवायची रीत ठाऊक आहे. कातकऱ्यांचं तर नावच काथावरून आलेलं, रानातून काय घ्यायचं आणि ते कसं हाताळायचं हे त्यांच्याकडून शिकावं. याच शहापुरातल्या कातकरी तरुणांनी वनधन केंद्राच्या मार्फत गुळवेल गोळा करून आयुर्वेदिक औषधांच्या मोठ्या कंपन्यांना विकली, तेव्हा त्यांची नावं वर्तमानपत्रांत झळकली. गुळवेल हाताला काही करत नाही. बिब्बा करतो.

आयुर्वेदात हा भल्लातक. त्याची आणखी दोन संस्कृत नावं पाहा : अग्निमुख आणि अरुष्कर, म्हणजे व्रण करणारा. चरकसंहितेच्या रसायन प्रकरणात त्याला मानाचं पान आहे, पण वैद्य तो कच्चा कधी वापरत नाहीत. त्याचं शोधन करायचं ते विटेच्या चुऱ्यात घोळवून, म्हणजे वीट तेल पिऊन घेते. हाताला आधी खोबरेल चोळायचं. ज्यांनी ही कृती लिहिली त्यांनी ती लिहिण्याआधी बरेच हात उतवून घेतले असणार.

बिब्ब्याचं झाड ज्या कुळातलं, त्याच कुळात आंबा, काजू आणि चारोळी. कोकणात काजूच्या टरफलाचं तेल हाताची सालं काढतं आणि आंब्याचा चीक ओठांच्या कडेला पुरळ उठवतो, ती सगळी याच भाऊबंदकीची लक्षणं. अमेरिकेत राहणाऱ्या मराठी घरांतली मुलं अंगणामागच्या झाडीतून खेळून येतात आणि हातापायांवर फोडांच्या रेघा उमटतात, तिथली पॉयझन आयव्हीची वेलही याच कुळाची. जपानी लाखेचं झाडही. लाखेला जपानीत उरुशी म्हणतात, म्हणून तिच्यातल्या दाहक द्रव्याला उरुशिऑल हे नाव पडलं. बिब्ब्यातलं द्रव्य त्याचं सख्खं भावंड : भिलावनॉल.

या भिलावनॉलचा रेणू दिसायला साधा. एका टोकाला सहा कार्बनांचं कडं, त्यावर शेजारी-शेजारी दोन हायड्रॉक्सिल, आणि मागे पंधरा कार्बनांचं लांब, तेलकट शेपूट. शेपटामुळे तो कातडीच्या वरच्या चरबट थरातून सहज आत सरकतो. कड्यामुळे पुढचा घोटाळा होतो. हवा लागली की त्या दोन हायड्रॉक्सिलांतला हायड्रोजन निघून जातो आणि कडं अतिशय चिकट स्वभावाचं होतं, जे सापडेल त्याला धरतं. एकमेकांना धरलं की काळा, न निघणारा राळेसारखा थर तयार होतो. धोबी पिढ्यान्‌पिढ्या कपड्यांवर खूण करायला बिब्ब्याचा रस आणि वर चुना वापरत आले ते यासाठीच. चुन्याने ही क्रिया झपाट्याने होते. शंभर भट्ट्या लागल्या तरी खूण जात नाही.

तेच चिकट कडं कपड्याऐवजी कातडीत शिरलं, तर तिथल्या प्रथिनाला धरतं. काळी खूण आणि फोड ही एकाच रसायनाची दोन कामं.

दुसऱ्या महायुद्धात हिंदुस्थानात आलेल्या अमेरिकन सैनिकांच्या मानेवर, कमरेवर अचानक खाजरे चट्टे उठू लागले. चट्टा नेमका तिथे, जिथे सदऱ्याच्या कॉलरवर किंवा चड्डीच्या पट्ट्यावर धोब्याची खूण होती. लिव्हिंगूड आणि त्यांच्या दोन सहकारी लष्करी डॉक्टरांनी १९४३ साली अमेरिकन वैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकात त्यावर लेख लिहिला आणि आजाराचं नाव चक्क 'धोबी मार्क डर्मटायटिस' ठेवलं. आता गंमत अशी की त्या सैनिकांनी आयुष्यात बिब्बा पाहिला नव्हता. पण लहानपणी मायदेशातल्या रानात पॉयझन आयव्हीशी त्यांची गाठ पडलेली होती. अंगाने ती ओळख जपून ठेवली आणि सातासमुद्रापार, धुतलेल्या सदऱ्यावरच्या एका खुणेत तिचं भावंड ओळखलं.

माझ्या आतेभावाच्या अंगाने तर प्रत्यक्ष बिब्बाच ओळखला होता. गोडंबी फोडण्याचा तो हिवाळा ही पहिली ओळख. त्या वेळी काहीच होत नाही, आणि तिथेच माणूस फसतो.

ही ओळख कशी पटते, हे थोडं सविस्तर सांगायला हवं.

आपल्या शरीराची राखण करणाऱ्या पेशी मोठ्या गोष्टी ओळखायला बसवलेल्या आहेत : जंतू, विषाणू, परकी प्रथिनं. हायड्रोजनच्या अणूचं वजन १ धरलं, तर रक्तातल्या हिमोग्लोबिनचं भरतं ६४ हजारांच्या आसपास. त्या हिशेबात भिलावनॉल जेमतेम ३१८. गाजर गवतातलं पार्थेनिन २६२. केसांच्या काळ्या रंगातलं पीपीडी १०८. निकेलचा अणू ५९, क्रोमियमचा ५२. इतक्या चिल्लर वजनाचं काही रक्तात फिरत असलं, तरी राखणदाराच्या नजरेला येत नाही. पण कातडीतून आत शिरायचं तर वजन कमीच हवं. ५०० च्या वर गेलेला रेणू धडधाकट कातडीतून सहसा जातच नाही, असा एक ठोकताळा त्वचावैज्ञानिकांनी २००० साली मांडला. म्हणजे जो आत येऊ शकतो तो दिसत नाही, आणि जो दिसतो तो आत येऊ शकत नाही.

मग हे चिल्लर रेणू पकडले कसे जातात? याचं उत्तर कार्ल लँडस्टायनरने दिलं, ज्याला १९३० साली रक्तगटांच्या शोधासाठी नोबेल मिळालं तोच. १९२१ मध्ये त्याने अशा छोट्या रेणूंना 'हॅप्टन' हे नाव दिलं. ग्रीक भाषेतल्या या शब्दाच्या मुळाशी शिवणं, धरणं, चिकटणं असे अर्थ आहेत. हॅप्टन एकटा काही करत नाही. तो आपल्या प्रथिनाला चिकटतो आणि ते प्रथिन बदललेलं दिसू लागतं. पुढे १९३५ मध्ये लँडस्टायनर आणि जेकब्स यांनी गिनीपिगांवर प्रयोग करून दाखवलं की प्रथिनाला चिकटण्याची ज्या रसायनाची ताकद मोठी, त्याचीच कातडी उतवण्याची ताकद मोठी.

धोब्याची उपमा इथे पुन्हा उपयोगी पडते. सदरा आपलाच, कापड आपलं, शिवण आपली. कॉलरवर एक खूण पडली आणि घरच्याच माणसाला तो परका वाटू लागला. कातडीत राखण करणाऱ्या लँगरहान्स पेशी असतात. १८६८ साली पॉल लँगरहान्स या बर्लिनच्या विद्यार्थ्याने त्या पहिल्यांदा पाहिल्या, तेव्हा त्याला त्या मज्जातंतूंच्या वाटल्या होत्या. या पेशी खूण पडलेल्या प्रथिनाचा तुकडा उचलतात आणि काखेतल्या, जांघेतल्या गाठींकडे चालू लागतात. पायाला जखम झाली की जांघेत अवधाण येतं, ते ज्या गाठींचं, त्याच या गाठी. तिथे लाखो टी-पेशींतून या खुणेला जुळणारी नेमकी पेशी शोधली जाते आणि तिची फौज वाढवली जाते. याला दहा-पंधरा दिवस लागतात. तोवर माणूस गोडंबी खाऊन मोकळा झालेला असतो.

दुसऱ्या खेपेला फौज तयार असते. तरीही लगेच काही दिसत नाही. पेशींना रक्तातून त्या जागी पोचायला, जमायला एक ते तीन दिवस लागतात. मग लाली, सूज, खाज, पाण्याचे फोड. १९४२ मध्ये लँडस्टायनर आणि चेस यांनी एका गिनीपिगाच्या पेशी दुसऱ्यात घातल्या, आणि ही 'ओळख' त्याच्यात गेली. नुसत्या रक्तद्रवाने ती जात नव्हती. आठवण पेशींत असते, हे असं कळलं.

खाजकुयलीचं तसं नाही. शेंगेची लव उडाली की पाटलाला आणि गड्याला एकाच क्षणी, सारखीच खाज सुटते. लवेतला पाचक रस कातडीला थेट डिवचतो, ओळखीपाळखीची गरजच नाही. लावणीच्या दिवसांत बायांच्या बोटांच्या बेचक्यांत होणाऱ्या चिखल्याही तशाच. पाण्यात दिवसभर उभं राहिल्यावर कुणाच्याही होतील. कच्च्या बिब्ब्याचा रस भरपूर लागला तर तोही कुणालाही भाजतो. पण एका थेंबाने एकाचा पाय सुजतो आणि शेजारच्याचा नाही, तेव्हा प्रश्न त्या पायाच्या इतिहासाचा असतो.

आणि इतिहास सांगताना माणूस चुकतो, कारण मधे दोन दिवस गेलेले असतात. सोमवारी हाताला काही लागलं, बुधवारी हात उतला. माणूस आठवतो ते मंगळवारी रात्रीचं जेवण. आमच्याकडे वांगं आणि सुकट यांनी असे किती आळ सोसले आहेत, त्याची मोजदाद नाही. महिनोन्‌महिने वांगं बंद, सुकट बंद, हरभऱ्याची डाळ बंद. पायातली रबरी चप्पल मात्र चालू. पावलावर पट्ट्याच्या आकाराचा काळपट, खाजरा चट्टा उमटलेला असतो, अंगठ्याकडून निघून घोट्याकडे गेलेला. चप्पल काढली की चट्ट्यातच तिची आकृती दिसते. रबर पक्कं करायला वापरलेली रसायनं तिथे बोलत असतात, आणि घरातले लोक वांग्याला शिव्या देत असतात.

दिवाळी झाली की शहापूर-मुरबाडच्या वाड्या रिकाम्या होऊ लागतात. वीटभट्टीवाल्याकडून पावसाळ्यातच उचल घेतलेली असते, ती फेडायला कुटुंबं भिवंडी, कल्याण, पनवेलच्या भट्ट्यांवर जातात. ज्यांना भट्टी नको असते ते बांधकामावर बिगारी म्हणून लागतात, आणि बांधकामाला या पट्ट्यात कधी खंड नाही. आसनगावपासून मुंबईपर्यंत इमारती उठताहेत. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा तुकडा शहापूर तालुक्यातूनच गेला आणि ५ जून २०२५ ला खुला झाला. त्या बोगद्यांत, पुलांत, कठड्यांत किती गोणी सिमेंट गेलं असेल, आणि प्रत्येक गोणी कुणाच्या तरी हातांवरून गेली असेल.

सिमेंट हाताला दोन प्रकारे खातं. पहिला प्रकार सरळ. ओलं सिमेंट चुन्यासारखं जहाल, गुडघे टेकून कोबा करणाऱ्याच्या ढोपरांना भाजून काढतं. दुसरा प्रकार आडून येतो. सिमेंटात अंशमात्र क्रोमियम असतं, कच्च्या मालातून आणि भट्टीतून आलेलं. त्याचं सहा-संयुजी रूप पाण्यात विरघळतं आणि कातडीतून सुळकन आत जातं. आत गेलं की ते तीन-संयुजी होतं, आणि हे दुसरं रूप प्रथिनांना घट्ट धरतं. बाहेरून तीन-संयुजी क्रोमियम लावलं तर ते आत फारसं जातच नाही. दारातून एक माणूस शिरतो आणि घरात दुसराच वावरतो, असं हे सोंग.

गवंड्याचं हे दुखणं पहिल्या महिन्यात येत नाही. कधी कधी वर्षानुवर्षं थापी हातात धरल्यावर एके दिवशी बोटांच्या पेरांवर, तळव्याच्या कडेला भेगा पडू लागतात. तो म्हणतो, इतकी वर्षं सिमेंटच कालवतोय, तेव्हा नाही झालं ते आता कसं होईल? म्हणजे तो सिमेंटला निर्दोष सोडतो ते जुन्या ओळखीच्या जोरावर. पण जुनी ओळख हाच तर पुरावा. क्रोमियमचं उतणं चिवट असतं. काम सोडल्यावरही अनेकांचे हात पुरते बरे होत नाहीत. रबरी हातमोजे घाल म्हणावं, तर मोज्यांतली काही रसायनं स्वतःच हॅप्टन असतात. शिवाय मोज्यात सिमेंटचा गाळ शिरला, की घामात भिजून तो दिवसभर कातडीला लागून राहतो, उघड्या हातापेक्षा वाईट. भर उन्हात घमेलं उचलताना मोजे घालून दाखवा, मग बोला, असं मला एका बिगाऱ्याने सुनावलं होतं. त्याचं चूक नव्हतं.

यावर तोड आहे आणि ती कारखान्यात आहे. सिमेंट दळताना थोडं फेरस सल्फेट, आपलं हिराकस, मिसळलं की पाणी पडताच सहा-संयुजी क्रोमियम तीन-संयुजी होतं. डेन्मार्कने १९८० च्या दशकातच ते सक्तीचं केलं. युरोपीय संघाने २००५ पासून दहा लाख भागांत दोन भाग अशी मर्यादा घातली. मला या हकिगतीत रस वाटतो तो यासाठी की तिथे गवंड्याला मोजे घाल म्हणून दरडावलं नाही, गोणीतला माल बदलला.

आता घरातल्या वस्तू. टिकलीचा विषय थोडक्यात आटोपतो, कारण तिथे उतण्यापेक्षा वेगळंच काही जास्त दुखतं. चिकटटिकलीच्या मागच्या डिंकात पॅरा-टर्शरी-ब्यूटाइल फिनॉल नावाचं द्रव्य असू शकतं. त्याने काहींना खाज येते, आणि काहींच्या कपाळावरचा रंगच जातो, बरोबर टिकलीएवढा पांढरा ठिपका पडतो. रंग बनवणाऱ्या पेशींवर तो थेट घाला असतो. लोक त्याला कोड म्हणतात आणि पुढच्या लग्नाच्या बोलणीत खरोखरच बिब्बा पडतो.

खोट्या दागिन्यांतल्या निकेलची तऱ्हा न्यारी. निकेलला प्रथिनाचा मधला दलाल लागत नाही. माणसाच्या पेशींवरच्या एका ग्राहीला तो स्वतः जाऊन धरतो आणि धोक्याची घंटा वाजवतो, हे २०१० साली उघड झालं. उंदराच्या त्याच ग्राहीत दोन अमिनो आम्लं वेगळी असल्याने उंदराला निकेल उतत नाही. जर्मन सिल्व्हर म्हणून विकल्या जाणाऱ्या पैंजणांत चांदीचा कण नसतो, तांबं, जस्त आणि निकेल असतं. आमच्याकडे 'जर्मनची भांडी' म्हणतात ती ॲल्युमिनियमची, त्यांचा याच्याशी संबंध नाही. बिचाऱ्या जर्मनांच्या नावावर काय काय खपतं!

लग्नसराईत मिशा काळ्या करणाऱ्यांचं मात्र सांगायलाच हवं. पुडीतल्या रंगात पीपीडी असतं, आणि 'काळी मेंदी' म्हणून जी पाच मिनिटांत रंगते तिच्यातही बहुधा तेच. मेंदीचा स्वतःचा रंग तांबूस; काळी मेंदी रानात उगवत नाही. पीपीडी मुळात प्रथिनाला चिकटत नाही, हवेशी संयोग पावून ते काळं होतं आणि त्याच वाटेवर चिकट होतं. बिब्ब्याचीच युक्ती. लहानपणी जत्रेत हातावर काळी मेंदी काढलेल्या मुलाच्या अंगाने ओळख धरून ठेवली, तर वीस वर्षांनी स्वतःच्या हळदीला केस रंगवल्यावर त्याचे डोळे मिटेपर्यंत तोंड सुजू शकतं.

या सगळ्यांत महाराष्ट्राच्या खास वाट्याला आलेलं प्रकरण म्हणजे गाजर गवत. काँग्रेस गवत, चटक चांदणी, ज्या गावात जे नाव असेल ते. १९५६ साली वनस्पतिशास्त्रज्ञ राव यांनी पुण्यातल्या या नव्या झाडाची नोंद बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात केली. अमेरिकेच्या गव्हाबरोबर आलं असं लोक मानतात. दीड-दोन दशकांत पुण्यातल्या दवाखान्यांत शेतकऱ्यांची एक विशिष्ट रांग दिसू लागली : पापण्या, मान, कोपराच्या लवणी जाड, काळवंडलेल्या, सतत खाजणाऱ्या. १९७४ मध्ये लोणकर, मिचेल आणि कॅलनन या त्वचातज्ज्ञांनी त्यावर लिहिलं आणि पुण्याचं नाव जगभरच्या त्वचारोगाच्या पुस्तकांत गेलं. झाडाला हात लावायचीही गरज नसते. वाळलेल्या पानांची बारीक लव वाऱ्यावर उडते आणि घामाने ओल्या झालेल्या लवणींत बसते. आज कल्याणहून माळशेजकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला, खोदकामाच्या मातीवर, बंद पडलेल्या भट्टीच्या आवारात पावसाळा सरला की ते पांढऱ्या ठिपक्यांनी फुललेलं असतं. फोटोला छान दिसतं.

हॅप्टनची गोष्ट एवढ्यावर संपली असं शास्त्रज्ञ बराच काळ समजत होते. पण सौंदर्यप्रसाधनांतले, अत्तरांतले काही तेलकट रेणू प्रथिनाला नीट चिकटतच नाहीत, तरी उतवतात. ते कसे? २०२० च्या जानेवारीत अमेरिका आणि ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांच्या एका गटाने त्याचं एक उत्तर दिलं. लँगरहान्स पेशींवर सीडी१ए नावाची एक खोबण भरपूर असते. एरवी तिच्यात शरीराची स्वतःची चरबट द्रव्यं बसलेली असतात. फार्नेसॉलसारखा छोटा, तेलकट रेणू त्यांना बाहेर ढकलून स्वतः आत दडून बसतो, आणि उघडी पडलेली खोबण पाहून टी-पेशी खवळतात. त्याआधी २०१६ मध्ये उरुशिऑलही याच खोबणीतून टी-पेशींना सामोरा जातो, असं दाखवलं गेलं होतं. म्हणजे बिब्ब्याच्या कुळाकडे बहुधा दोन चाव्या आहेत, एक कड्याची, एक शेपटाची.

रसायन कुठलं, हे शोधायची पद्धत मात्र १८९५ ची आहे. त्या साली जाडासोन या त्वचातज्ज्ञाने संशयित पदार्थ कातडीवर बांधून ठेवला आणि वाट पाहिली. आजही तेच करतात. पाठीवर छोट्या चकत्यांतून निकेल, क्रोमियम, पीपीडी, रबराची रसायनं, अत्तरं, गाजर गवत अशी मालिका चिकटवायची, ४८ तासांनी काढून बघायची, आणखी दोन दिवसांनी पुन्हा बघायची. तोवर पाठ भिजवायची नाही, घाम येऊ द्यायचा नाही. ऐकायला सोपं आहे. आता डोळखांबच्या पलीकडच्या वाडीतून निघालेला माणूस धरा. आधी जीप, मग आसनगावहून लोकल, दोन-अडीच तासांनी मुंबई. असे तीन हेलपाटे, म्हणजे तीन खाडे, आणि मधल्या चार दिवसांत घाम न येऊ देणारं काम. असं काम या तालुक्यांत कोण देतं?

म्हणून माणूस औषधाच्या दुकानातून ट्यूब घेतो. स्टिरॉइड, बुरशीचं औषध आणि प्रतिजैविक यांची खिचडी असलेलं ते मलम दोन दिवसांत खाज थांबवतं. स्टिरॉइडची मलमं चिठ्ठीशिवाय विकू नयेत, असा नियम केंद्र सरकारने २०१८ साली केला, तरी दुकानदाराला ट्यूबचा रंग सांगितला की पुरतं. पुढे कातडी पातळ होते, नायटा पसरतो. आणि मलमातलं निओमायसिन, भाजल्यावर लावायच्या पिवळ्या मलमातलं नायट्रोफ्युराझोन, हे स्वतः नावाजलेले हॅप्टन आहेत. जखम भरत नाही म्हणून मलम, मलमामुळे जखम भरत नाही.

मला वाटतं, ज्या तालुक्यात पाठीवर चकत्या लावणं परवडत नाही तिथे प्रश्न विचारणं तरी परवडायला हवं. तेही खाल्लं काय हा नव्हे. हाताने काय केलं, परवा कुठे होता, पायात काय घालतोस, कपाळाला काय लावतेस, बाळाच्या मनगटात काय बांधलं आहे. चट्ट्याची कड कुठे संपते ते बघायचं. घड्याळाच्या पट्ट्याशी, चपलेच्या अंगठ्याशी, पँटच्या बटणाशी, कॉलरच्या शिवणीशी. जुन्या बायका हे करायच्या. उतलेल्या पोराच्या बोटांची नखं बघायच्या, काळी असली की म्हणायच्या, बिब्बा फोडलास ना? एका बाबतीत त्यांचं चुकायचं. फोडातलं पाणी लागेल तिथे नवा फोड येतो, म्हणून त्या पोराला वेगळा निजवायच्या. फोडातलं पाणी निरुपद्रवी असतं. नवे फोड येतात ते नखाखाली राहिलेल्या रसाने, किंवा जिथे रस कमी लागला होता तिथे अंग उशिरा जागं झाल्याने. साबणाने हात आणि नखं लगेच धुणं, हा उपाय पोराला वेगळं निजवण्यापेक्षा सरस.

गेल्या थंडीत मुरबाडच्या बाजाराच्या टोकाला एक कातकरी मावशी गोणपाटावर बिब्बे, रिठे आणि थोडी बिब्ब्याची फुलं मांडून बसल्या होत्या. मी विचारलं, "मावशी, तुम्हाला नाही का उतत?"

"मला नाय उतत. सुनंला उततं. ती हातच नाय लावीत."

"पहिल्यापासून उततं तिला?"

"आधी नवतं. दोन वर्सां माज्याबरूबर फोडीत व्हती, मंग उतला."

मी फुलांचा एक वाटा घेतला. त्यांची बोटं पेरांपर्यंत काळी होती. सुटे पैसे परत देताना त्यांनी माझ्या पसरलेल्या तळहाताकडे पाहिलं, हात मागे घेतला, आणि नाणी समोरच्या वर्तमानपत्राच्या तुकड्यावर मोजून ठेवली.